मातीच्या पोटातला विस्तव

चिमणी म्हटलं की मराठी माणसाला तीन गोष्टी आठवतात. पहिली अंगणात दाणे टिपणारी. दुसरी रॉकेलची, जिच्या उजेडात आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी पाढे पाठ केले. आणि तिसरी गिरणीची. बँकेत लागलो तेव्हा माझी पहिली शाखा लालबागला होती. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या उंच चिमण्यांतून धूर निघेनासा झाला. बिनधुराची चिमणी किती भेसूर दिसते, हे मी तेव्हा पाहिलं.

पाखराची गोष्ट वेगळी. पण बाकीच्या दोन चिमण्या आपल्याकडे साहेबाबरोबर आल्या. साहेबाला हा शब्द मिळाला फ्रेंचांकडून, फ्रेंचांना लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्ये तो आला ग्रीकांच्या 'कामिनोस'वरून. कामिनोस म्हणजे भट्टी. याच घराण्यातली एक बहीण स्पेनमध्ये 'चिमेनेआ' झाली आणि स्पॅनिश लोकांच्या जहाजातून मेक्सिकोला उतरली. तिथे ती मातीत शिरली, कुंभाराच्या हाती लागली आणि पोटुशी बाई कमरेवर हात ठेवून अंगणात उभी राहावी तशी उभी राहिली. आज जगभरच्या बागांत 'चिमिनेआ' नावानं विकली जाते ती हीच. नावातलं एक अक्षर अमेरिकनांच्या तोंडी बदललं, एवढंच.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक मोठा रांजण डोळ्यांपुढे आणा. त्याच्या पोटाला समोरून एक मोठं भोक पाडा, आतल्या विस्तवाशी मांडी घालून गप्पा मारता याव्यात इतकं. रांजणाच्या तोंडाशी माती निमुळती करत न्या आणि वर हातभर लांबीचं नळकांडं काढा. हे सगळं प्रकरण लोखंडाच्या तिपाईवर ठेवा. झाली चिमिनेआ. आपली शेगडी, चूल आणि बंब या तिघांचं एकत्र कुटुंब म्हणा ना!

माझी मुलगी नोकरीच्या निमित्तानं मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात राहते. संगणकाच्या कामासाठी गेलेली आपली बरीच मुलं आता त्या शहरात आहेत. निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात मी तिच्याकडे तीन महिने होतो. शहर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर. दिवसा आपल्या पुण्यासारखं ऊन आणि रात्री अंगावर शाल. तिच्या घराच्या मागच्या फरसबंद अंगणात आधीच्या भाडेकरूनं सोडून दिलेली एक चिमिनेआ होती. पोटावर बारीक तडा, रंग उडालेला. पण संध्याकाळी तिच्यात चार लाकडं पेटली की घरातली माणसं आपोआप खुर्च्या ओढून तिच्यासमोर येत. नात हातातला फोन बाजूला ठेवी. टीव्हीसमोर बसलेल्या कुटुंबाचं तोंड एकाच दिशेला असतं, तसंच विस्तवासमोरही असतं. मग फरक काय, असं मी स्वतःला विचारलं. फरक इतकाच की विस्तव स्वतः काही बोलत नाही. बोलायचं काम तो आपल्यावर सोडतो.

या मातीच्या बाईची करामत साधी आहे. लाकूड पेटलं की आतली हवा तापते, हलकी होते आणि नळकांड्यातून वर पळते. तिची जागा घ्यायला समोरच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. म्हणजे फुंकणीचं काम चिमणीच करते. उघड्या शेकोटीभोवती बसलात तर धूर नेमका तुमच्याच डोळ्यांत येतो आणि जागा बदलली की तोही पाठोपाठ येतो. इथे तो डोक्यावरून निघून जातो आणि समोर फक्त ऊब येते. माती जाड असल्यामुळे ती सावकाश तापते आणि सावकाशच निवते. विस्तव विझल्यावरही बराच वेळ तिच्या अंगाशी हात नेला तर धग लागते.

पण मातीच ती. कमी आचेवर भाजलेली, सच्छिद्र, पाणी पिणारी. तिला एकदम कडक जाळ सोसत नाही. आतली बाजू तापून फुगू पाहते, बाहेरची थंडच असते. या ओढाताणीत ती तडकते. म्हणून नवी चिमिनेआ आणली की पहिले काही दिवस थोड्या काटक्यांचा लहानसाच जाळ करायचा आणि दर वेळी तिला पूर्ण निवू द्यायचं. आपल्या आज्या नवं मडकं चुलीवर चढवण्याआधी ते जसं मुरवून घेत, अगदी तसंच. तळाशी वाळू किंवा ज्वालामुखीचे हलके सच्छिद्र दगड भरायचे, म्हणजे निखारा थेट तळाला टेकत नाही. विझवायला पाणी कधीही ओतायचं नाही. पावसाळ्यात झाकून ठेवायची, कारण भिजलेल्या मातीत जाळ केला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाट फोडून बाहेर पडते. लाकडी फळ्यांवर किंवा छपराखाली ठेवायची नाही आणि बंद खोलीत तर मुळीच पेटवायची नाही. तिकडे पिन्यॉन नावाच्या पाइनचं लाकूड तिच्यात हौसेनं जाळतात. आपल्याकडे सुक्यामेव्याच्या दुकानात मिळणारा चिलगोजा ज्या झाडाचा, त्याचाच हा चुलतभाऊ. त्याच्या धुराला उदासारखा वास येतो आणि त्यानं डास पळतात असं तिथले लोक सांगतात.

ही चिमिनेआ 'प्राचीन अ‍ॅझ्टेक' आहे असं बागेचं सामान विकणारे छापतात. त्यावर मात्र विश्वास ठेवू नये. धुराडं स्पॅनिश लोकांबरोबर आलं. त्यांच्या आधीची मेक्सिकोची चूल म्हणजे तीन दगड. हो, अगदी आपल्यासारखेच तीन दगड! त्यावर मातीचा तवा, ज्याला ते 'कोमाल' म्हणतात, आणि तव्यावर मक्याची भाकरी. धूर छपरातून वाट काढी. कुंभाराचं फिरतं चाकही तिकडे नव्हतं. तेही स्पॅनिशांनी नेलं. त्याआधीच्या हजारो वर्षांतली तिथली अप्रतिम भांडी नुसत्या हातानं आणि साच्यानं घडलेली आहेत. तेव्हा चिमिनेआची हकीकत अशी की माती तिथली, हात तिथले आणि नळकांडं पाहुण्याचं. दोन संस्कृतींचं लग्न जबरदस्तीनं लागलं, पण अपत्य देखणं निघालं.

विस्तवाविषयीची भक्ती मात्र तिथली जुनी आहे. त्यांच्या एका अग्निदेवाचं नाव वेवेतेओत्ल, म्हणजे शब्दशः 'म्हातारा देव'. मूर्तीत तो सुरकुतलेला, पाठीत वाकलेला, मांडी घालून बसलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर शेगडी असते. आपला अग्नी तरुण आणि तेजस्वी. त्यांचा मात्र घरातल्या आजोबांसारखा. मला ही कल्पना फार आवडली, आणि त्याला माझं वय हे एकच कारण नाही.

दर बावन्न वर्षांनी अ‍ॅझ्टेकांचं कालचक्र पुरं होई. त्या रात्री राज्यातली प्रत्येक चूल विझवत. चुलीचे दगड आणि घरातली भांडी टाकून देत. सगळे अंधारात बसून वाट पाहत, कारण सूर्य पुन्हा उगवेल याची खात्री नसे. आजच्या मेक्सिको शहरात जिला 'ताऱ्याची टेकडी' म्हणतात, तिच्यावर पुजारी नवा अग्नी घासून काढत. तोही बळी दिलेल्या माणसाच्या छातीवर. मग त्या अग्नीनं मशाली पेटत आणि त्यांवरून घरोघरच्या चुली. असा शेवटचा सोहळा १५०७ साली झाला. पुढची पाळी १५५९ ची होती. पण १५२१ मध्ये राजधानी स्पॅनिशांच्या हाती गेली आणि ती रात्र पुन्हा आली नाही. चूल विझणं म्हणजे जग संपणं, असं मानणारी माणसं होती ती. आपल्याकडेही 'चूल थंड पडली' या तीन शब्दांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

ग्वादालाहाराला लागूनच तोनाला नावाचं गाव आहे. कुंभारांचं गाव. गुरुवारी आणि रविवारी तिथे रस्त्यावर बाजार भरतो. मैल मैल मडकी, मुखवटे, सूर्याचे हसरे चेहरे. एका गुरुवारी मुलीनं रजा काढली आणि दुभाष्याचं काम पत्करून मला तिकडे घेऊन गेली. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका घराच्या अंगणात चिमिनेआ घडत होत्या. पन्नाशीचा एक कुंभार मातीची जाड पोळी थापून साच्यावर बसवत होता. पोटाचे भाग वेगळे, नळकांडं वेगळं. मग ओल्या मातीनं सांधे लिंपायचे आणि सावलीत वाळवायचं. घाई केली तर सांधा भट्टीत दगा देतो. त्याची बायको सुकलेल्या पोटांवर गारगोटी घासून चकाकी आणत होती. मला एकदम आमच्या गावच्या कुंभारवाड्याची आठवण झाली. तिथेही थापटणं त्याच्या हातात आणि घोटणं तिच्या.

चाळीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाला एक खोड असते. कुठेही गेलं तरी तो मनातल्या मनात ताळेबंद मांडतो. मी विचारलं, भट्टीतून किती सुखरूप निघतात? तो म्हणाला, दहातलं एखादं जातंच. आणि पाऊस आला तर देव जाणे. पुढे ट्रकमध्ये गवत घालून भरतात. वाटेत जे फुटेल ते कुणाच्या खाती? त्यानं अंगठा स्वतःच्या छातीला लावला. दुभाष्याची गरज पडली नाही.

या धंद्याचं नशीब एका वर्षानं पालटलं होतं. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा मुक्त व्यापाराचा करार अमलात आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेसो कोसळला. साडेतीन पेसोंच्या आसपास असलेला डॉलर काही महिन्यांत सातच्या घरात गेला. जुलै १९९१ मध्ये आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा मी काउंटरच्या आतल्या बाजूला होतो. त्यामुळे अशा आकड्यांमागे घराघरांत काय होतं याची मला कल्पना आहे. पगार अर्ध्यावर येतो आणि बाजारभाव दुपटीवर जातो. पण डॉलरवाल्या गिऱ्हाईकाला मात्र तुमचा माल स्वस्त होतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या घरांच्या मागच्या अंगणांत चिमिनेआची हौस पसरली. तोनालाच्या या कुंभारानं त्या दिवसांतच घरावर दुसरा मजला चढवला. पुढे त्याच आकाराच्या बिडाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चिमिनेआ कारखान्यांतून निघू लागल्या. त्या तडकत नाहीत, भिजल्या तरी चालतात. मातीची मागणी ओसरली. त्याचा थोरला मुलगा आता शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात जातो. 'तिथे दर शुक्रवारी पगार होतो,' कुंभार म्हणाला, 'आणि पगार पावसात भिजत नाही.'

या वाक्यावर कुठल्याही बँकेकडे उत्तर नाही. कलेचं जतन वगैरे शब्द माझ्या ओठांवर आले होते; ते मी गिळले. ज्याच्या पोटाला दर शुक्रवारची शाश्वती हवी आहे त्याला आपण परंपरेची थोरवी कोणत्या तोंडानं सांगायची?

निघताना मी त्याच्या बायकोला सहज विचारलं, तुमच्या घरात चिमिनेआ आहे का? ती मोठ्यानं हसली. आत बोट दाखवलं. स्वयंपाकघरात चार बर्नरची गॅसची शेगडी होती. 'धूर माझ्या आईनं खाल्ला,' ती म्हणाली, 'माझ्या वाटणीचाही.'

मी परतीच्या वाटेवर गप्पच होतो. माझी आई सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरात पहाटे चारला चुलीपुढे बसे. ओली लाकडं, फुंकणी, लाल झालेले डोळे आणि तो खोकला. आम्हा मुलांना तो खोकला म्हणजे घर जागं झाल्याची खूण वाटे, घड्याळाच्या गजरासारखा. ते दुखणं आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. चुलीवरच्या भाकरीची चव आम्ही अजून काढतो. ती भाकरी थापणारीनं तिची किंमत कशानं चुकती केली हे मात्र कुणी काढत नाही. घरातल्या चुलींच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेक्सिकोत मिचोआकान प्रांतातल्या गावांसाठी 'पात्सारी' नावाची सुधारित चूल तयार झाली, जिच्यात विस्तव बंदिस्त आणि धूर नळीतून घराबाहेर. आपल्याकडे १९८३ पासून निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला आणि २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेचे सिलिंडर आले. म्हणजे पाहा, दोन्ही देशांत प्रश्न एकच: विस्तव ठेवायचा, पण धूर घालवायचा. चिमिनेआच्या त्या नळकांड्याचं सगळं सार एवढंच तर आहे.

म्हणूनच बागेतल्या शेकोटीचं कौतुक करताना मला थोडं जपून बोलावंसं वाटतं. विस्तव रम्य वाटायला लागतो तो स्वयंपाकघरात गॅस आल्यानंतर. तो ज्याला रोज पेटवावाच लागतो, त्याला त्याचं काव्य सुचत नाही. आणि धूर डोक्यावरून गेला तरी तो जातो शेजाऱ्याच्या खिडकीतच. ज्या दिवशी शहराची हवा आधीच कोंदट आहे, त्या दिवशी चिमिनेआनं उपास करावा. कोरडं लाकूड असेल तरच पेटवावी. प्लास्टिक आणि रंगवलेल्या फळ्या तिच्या तोंडी कधी देऊ नयेत.

मेक्सिकोच्या मातीशी आपलं नातं नवं नाही. ज्या मिरचीवाचून आपला ठेचा होत नाही ती तिकडची. दसऱ्याला दारावर चढतो तो झेंडूही मूळचा तिकडचाच. तिथे तो मृतांच्या स्मरणदिनी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, समाधीवर वाहतात. आणि उलट्या दिशेनं गेलेला आपला एक माणूसही आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांना हुलकावणी देत देश ओलांडत १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरीचं जे चित्र काढलं, त्यात खानखोजे आहेत. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. तीन दगडांच्या चुलीवरची भाकरी खाऊन निघालेला माणूस दुसऱ्या तीन दगडांच्या चुलीपाशी पोचला आणि तिथलाच झाला.

आता आपल्या अंगणाकडे येऊ. महाबळेश्वरच्या हॉटेलांत, शहराबाहेरच्या फार्महाउसवर आणि काही बंगल्यांच्या गच्च्यांवर विस्तवाची हौस दिसू लागली आहे. बहुतेक ठिकाणी लोखंडाचं तसराळं असतं, क्वचित परदेशी बनावटीची बिडाची चिमिनेआ. माझं म्हणणं एवढंच की पैसे मोजण्याआधी जवळच्या कुंभारवाड्यात एक चक्कर मारावी. रांजण घडवणाऱ्याला पोटाला तोंड पाडणं आणि वर गळा चढवणं अवघड नाही. दोन तडकतील, तिसरी टिकेल. त्या तडकलेल्या दोघींचे पैसेही आपणच द्यावेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत कुंभारालाही तारणाशिवाय पाच टक्क्यांनी कर्ज मिळू शकतं; पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत. मी नोकरीत असताना कुंभाराच्या अर्जावर 'तारण काय?' या रकान्यात लिहायला काही नसे. चाक आणि माती तारण म्हणून कुणी धरत नसे. ती अडचण थोडी तरी सुटली आहे. पण चाळीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो, कर्जानं धंदा सुरू होतो. चालतो तो गिऱ्हाइकावर.

कुंभाराचा मुलगा कारखान्यात गेला तर त्याला दोष देऊ नये. मात्र त्याच्या बापानं मातीत जे मिळवलं ते फुटक्या भांड्याबरोबर उकिरड्यावर जाऊ नये, एवढी काळजी गिऱ्हाईक म्हणून आपण घेऊ शकतो. आईच्या पिढीला चूल निवडता आली नाही. आपल्याला विस्तव निवडता येतो; कधी पेटवायचा, किती पेटवायचा आणि कुणाच्या हातच्या मातीत पेटवायचा, हेही निवडता येतं. हिवाळा येतोच आहे. कुंभार आवा लावतात तो पावसाळा सरल्यावर. विचारायला हीच वेळ बरी.